‘डोकं चालत नाही’ या तक्रारीची तपासणी

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर या मानसिक विकाराचे निदान झाले, औषधे लागू पडली, डीबीटी या भावना आवरायची कौशल्ये शिकवणाऱ्या उपचारपद्धतीच्या गटात नियमित बसून मी बऱ्यापैकी स्थिरावले, तरी माझी एक तक्रार जात नव्हती. रागाचा भडका पूर्वीसारखा उडत नव्हता, जवळचे माणूस दुरावेल या धास्तीने मध्यरात्री फोन करणे जवळजवळ थांबले होते, स्वतःला इजा करण्याचे विचारही क्वचितच येत होते. पण डोके चालत नव्हते. मी नारायण पेठेतल्या एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात हिशेबाचे काम करते. बँकेचे स्टेटमेंट आणि टॅलीतले लेजर समोरासमोर ठेवून रकमा जुळवणे हे काम मी वर्षानुवर्षे केलेले आहे, आणि तरीही एखाद्या दिवशी स्टेटमेंटवरची रक्कम नजर लेजरकडे वळेपर्यंत मनात टिकत नसे. दुसऱ्या दिवशी तेच काम तासाभरात हातावेगळे होई. घरच्यांच्या मते मी मन लावून करत नव्हते. मला वाटत होते की ऐन चौतिशीत माझी बुद्धी कमी होत चालली आहे.

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे बीपीडी, या विकाराची चर्चा बहुतेक वेळा भावना आणि नाती यांच्याभोवतीच फिरते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तो १९८० साली आला. आज तिथे त्याचे नऊ निकष दिलेले असून त्यांपैकी किमान पाच लागू पडावे लागतात. या नऊ निकषांत एकाग्रतेचा किंवा स्मरणशक्तीचा कोठेही उल्लेख नाही. विचारांशी थेट संबंध असलेला निकष शेवटचा, नववा: ताण वाढला की काही काळ येणारा टोकाचा संशय, किंवा स्वतःपासून तुटल्यासारखी होणारी अवस्था. त्यामुळे माझी तक्रार आजारातच मोडते की वेगळी आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. तिचे गांभीर्य मला पटले ते मेरी झनारिनी यांच्या संशोधनाविषयी वाचल्यावर. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातल्या रुग्णांचा त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षांनुसार ९३ टक्के रुग्णांची लक्षणे निदान दोन वर्षे तरी ओसरलेली राहिली; मात्र लक्षणे ओसरली आणि शिवाय नोकरी-शिक्षण व माणसांशी संबंधही नीट चालू राहिले, असे निम्मेच होते. ओसरणे आणि कामाला लागणे यांच्यामधल्या त्या अंतरात मी उभी होते.

माझ्या मानसोपचारतज्ज्ञांना मी स्पष्टच विचारले, की बुद्धीची आणि स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करता येते का. ते म्हणाले, करता येते, पण लगेच करायची नाही. मला तेव्हा ते टाळाटाळीसारखे वाटले. आता वाटते की या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत शहाणपणाचा भाग तोच होता.

आधी रक्ततपासणी झाली. थायरॉइड ठीक निघाले, बी-१२ बरेच कमी निघाले. शाकाहारी घरात हे इतके सर्रास आढळते की प्रयोगशाळेतल्या मुलीनेही अहवाल देताना खांदे उडवले. ते भरून निघेपर्यंत थांबायचे ठरले. दुसरी गोष्ट झोपेच्या गोळीची. क्लोनाझेपाम मी बराच काळ घेत होते. या गटातल्या औषधांनी नवी गोष्ट लक्षात ठेवण्यावर आणि प्रतिसादाच्या वेगावर परिणाम होतो, आणि ती एकदम बंदही करायची नसतात. म्हणून डॉक्टरांनी ती थोडी थोडी कमी करत नेली, आणि झोप आपली आपण येऊ लागल्यावरच पुढचे बोलणे काढले. तिसरी गोष्ट नैराश्याची. ते जोरात असताना चाचणी घेतली, तर त्यात बीपीडी किती आणि नैराश्य किती हे वेगळे काढता येत नाही. चौथी गोष्ट मला अनपेक्षित होती. लहानपणापासून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि उतावळेपणाचा विकार, असण्याची शक्यता तपासण्यासाठी त्यांनी शाळेची प्रगतिपुस्तके मागितली. आईने ती लोखंडी कपाटातून काढून दिली. इयत्ता तिसरीच्या शेऱ्यात ‘हुशार आहे, परंतु धांदरट’ असे लिहिलेले होते, आणि ते तेव्हाच आपण सांगत होतो हे ऐकवल्याशिवाय आईने पुस्तक माझ्या हाती दिले नाही. एवढ्या एका शेऱ्यावरून एडीएचडी ठरत नाही, आणि बाकीच्या इयत्तांत तसे काही आढळलेही नाही.

येथे एक तक्रार नोंदवून ठेवते. यापूर्वी एका ठिकाणी मला संगणकासमोर अर्धा तास बसवून एक रंगीत आलेख हातात दिला गेला होता. त्यात माझी ‘एकाग्रता’ तांबड्या पट्ट्यात होती. ती कोणाच्या तुलनेत तांबडी, हे त्यावर नव्हते. खाली कोणाची सहीही नव्हती. त्या आलेखाने माझे कित्येक महिने भीतीत गेले. आपल्याकडे अशा चाचण्या घेऊन निदानाचा अहवाल देणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असावी लागते. या वेळी मी अपॉइंटमेंट घेण्याआधी नोंदणी क्रमांक विचारला, आणि समोरून तो न रागावता मिळाला.

चाचण्या एरंडवण्यातल्या एका जुन्या इमारतीत झाल्या. खिडक्या बंद केल्या तरी कर्वे रस्त्यावरच्या बसचे हॉर्न ऐकू येत. पहिल्या भेटीत चाचणी झालीच नाही. चाचण्या घेणाऱ्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी शिक्षण, काम, झोप, औषधे, डोक्याला कधी मार लागला होता का, हे सगळे लिहून घेतले, आणि मी विचार कोणत्या भाषेत करते हे विचारले. हिशेबाचे काम इंग्रजीत चालत असले तरी शब्दांच्या चाचण्या मराठीतून घ्यायचे ठरले. मग त्यांनी विचारले, ‘तुम्हाला नेमके काय कळायला हवे आहे?’ मी बरेच काही बोलले. त्यांनी त्यातून एकच प्रश्न कागदावर उतरवला: क्षमता कमी झाली आहे, की क्षमता असून ती वेळेला हाताशी येत नाही?

वापरलेल्या बऱ्याचशा चाचण्या बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संचातल्या होत्या. या संचाचे महत्त्व असे, की त्यात आपली तुलना परदेशी लोकांशी न होता आपल्याच देशातल्या, आपल्या वयोगटाच्या, आपल्याइतक्या शिकलेल्या स्त्री-पुरुषांशी होते. एखाद्या चाचणीत पंधराव्या पर्सेंटाइलच्या खाली गुण गेले, तर त्या क्षमतेत उणीव आहे असे धरतात. चाचण्यांतला नेमका मजकूर मी येथे लिहिणार नाही, कारण तो आधी वाचून बसलेल्या माणसाची तपासणी निरुपयोगी ठरते. स्वरूप तेवढे सांगते. ठरावीक चिन्हे अंकांच्या जोडीने भराभर भरायची, म्हणजे मेंदूचा वेग कळतो. अंकांनी भरलेल्या कागदावरचे ठरावीक अंक खोडत जायचे, म्हणजे लक्ष किती टिकते ते कळते. पंधरा शब्दांची यादी पुन्हा पुन्हा ऐकून आठवायची, मध्ये दुसरी यादी ऐकायची आणि अर्ध्या तासाने पहिलीकडे परत यायचे. रंगाचे नाव भलत्याच रंगाच्या शाईत छापलेले असते आणि आपण नाव न वाचता शाईचा रंग सांगायचा. स्ट्रूप यांनी १९३५ साली वर्णन केलेली ही रीत सोपी वाटते आणि जीव काढते.

मला सर्वांत जड गेले ते मॅडमच्या चेहऱ्यासमोर बसणे. चाचणी घेणाऱ्याने बरोबर-चूक काहीही दाखवायचे नसते, सर्वांना सारख्याच स्वरात सूचना द्यायच्या असतात. हे त्यांनी आधी सांगितलेही होते. पण उलट्या क्रमाने अंक सांगताना माझ्या एका उत्तरानंतर त्या नुसत्या ‘हं’ म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. तो ‘हं’ कोरडा होता का, आधीच्या ‘हं’पेक्षा आखूड होता का, त्या कंटाळल्या का, मी इतकी ढ निघाले का, हे सगळे माझ्या मनात होईपर्यंत पुढचे अंक वाचून झाले होते आणि त्यातले पहिले दोनच माझ्याकडे उरले होते. बीपीडी असलेल्यांना निर्विकार चेहऱ्यातही नाराजी दिसण्याकडे कल असतो, हे मी गटात शिकले होते. ती नाराजी शोधण्याच्या कामात अंकांची जागा खर्ची पडते, हे मात्र त्या खुर्चीतच कळले. मी ते तिथल्या तिथे बोलून दाखवले. मॅडमनी पेन ठेवले, मी काय म्हटले ते शब्दशः लिहून घेतले, आणि पुढच्या चाचणीला त्या माझ्या समोर न बसता जरा बाजूला बसल्या.

नंतरच्या एका बैठकीच्या आदल्या रात्री ताईशी वाद झाला. कारण सांगण्यासारखे नाही. दिवाळीला कोण कोणाकडे जाणार एवढेच. मी पाठवलेला मेसेज तिने वाचला होता आणि उत्तर दिले नव्हते. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मॅडम आजचा ताण शून्य ते दहा यांत किती, असे विचारत. मी आठ सांगितले. त्या दिवशी पुढे जाऊ नये असे त्या म्हणाल्या, मीच आग्रह केला, कारण माझी तक्रार अशाच दिवसांबद्दल होती. त्यांनी अट घातली, की आजचे गुण मुख्य निकालात धरायचे नाहीत, निरीक्षण म्हणून वेगळे लिहायचे.

ती चाचणी अशी होती, की एकामागून एक अक्षरे ऐकायची आणि दोन अक्षरांपूर्वी ऐकलेलेच अक्षर पुन्हा आले तर टेबलावर टकटक करायची. सुरुवातीला जमले. मग मॅडमचा आवाज पलीकडच्या खोलीतून येतो आहे असे वाटू लागले. अक्षरे ऐकू येत होती, पण ती मला उद्देशून नव्हती. टेबलावरचा हात माझा आहे हे कळत होते, आणि तरी तो उचलायचा हे सुचत नव्हते. यालाच डिसोसिएशन म्हणतात. मॅडमनी लगेच वाचन थांबवले, तळपाय फरशीवर टेकवायला सांगितले, खोलीतल्या वस्तूंची नावे घ्यायला लावली, तोंडावर गार पाणी मारून यायला सांगितले. परत आल्यावर त्यांनी सावकाश काही प्रश्न विचारले आणि त्या दिवसाचे काम बंद केले. पुढे ती चाचणी ताण कमी असलेल्या दिवशी वेगळ्या अक्षरमालिकेवर घेतली. तीच मालिका पुन्हा ऐकवली असती तर सरावाने गुण वाढले असते. तेव्हा माझे गुण माझ्या वयाच्या पदवीधर स्त्रियांच्या मधोमध आले.

अहवाल समजावून सांगायला मॅडमनी संपूर्ण एक भेट दिली. मी आकडे बघण्याची घाई करत होते. त्या मला माझ्या उत्तरपत्रिका दाखवत होत्या. शब्दांची यादी मला उत्तम आठवली होती, अर्ध्या तासानंतरही. म्हणजे स्मरणशक्ती गेली ही माझी भीती कागदावर तरी टिकली नाही. वेग ठीक होता. लक्ष टिकण्याच्या चाचणीत शेवटी शेवटी चुका वाढल्या होत्या. कमी पडले ते नियोजनात. लाकडी खुंट्यांवरचे रंगीत गोळे ठरावीक चालींत लावून नमुना जुळवायची एक चाचणी आहे. टिम शॅलिस यांनी ती १९८२ साली मांडली आणि ती टॉवर ऑफ लंडन या नावाने ओळखली जाते. दोन-तीन चालींची कोडी मी झटक्यात सोडवली होती. चार-पाच चालींच्या कोड्यांत मी कोडे समोर येताच गोळा उचलला होता आणि मग अडकले होते. मॅडमनी नोंदवलेल्या वेळा दाखवल्या: कोडे अवघड होत गेले तरी पहिल्या चालीआधी मी थांबल्याचा वेळ वाढलेला नव्हता. एक गुंतागुंतीची आकृती बघून काढायची होती, तीही मी मोठा सांगाडा आधी न आखता एका कोपऱ्यातल्या बारकाव्यापासून सुरू केली होती. तुकड्यातुकड्यांनी मनात शिरलेली ती आकृती नंतर आठवून काढताना तुकड्यातुकड्यांनीच बाहेर आली, आणि त्यातले बरेच तुकडे हरवलेले होते.

हे मला एकटीलाच होत नाही, असे त्यांनी सांगितले. अँथनी रुओको यांनी २००५ साली बीपीडीवरच्या दहा अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा लक्ष, विचारांची लवचिकता, शिकणे व स्मृती, वेग, नियोजन या सगळ्यांतच निरोगी गटापेक्षा कमी गुण आढळले होते, आणि सर्वांत मोठा फरक नियोजनात होता. परंतु ही गटांची सरासरी आहे. बीपीडी असलेल्या कित्येकांचे सगळे गुण सर्वसाधारण मर्यादेत येतात, सोबत नैराश्य किंवा व्यसन असेल तर ते आणखी घसरतात, आणि नुसते गुण पाहून हा विकार ओळखता येईल असा कोणताही नमुना नाही. हे त्यांनी दोनदा बजावले, कारण मी लगेच माझ्या आयुष्यातले सगळे फसलेले बेत त्या खुंट्यांवर टांगायला निघाले होते.

शांत खोलीत, भावनेचा संबंध नसलेल्या अंकांवर घेतलेली चाचणी क्षमतेची वरची मर्यादा सांगते. भावनेने भारलेली माहिती मध्ये आली की काय होते, हे प्रयोगशाळांत वेगळे तपासले जाते. काम चालू असताना क्लेशदायक चित्रे किंवा शब्द मध्ये आले, तर बीपीडी असलेल्यांचा वेग निरोगी माणसांपेक्षा अधिक मंदावतो असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. मॅडमनी अहवालाच्या निरीक्षणांत ताईच्या मेसेजचा दिवस आणि शांत दिवस यांतला फरक नोंदवला, आणि निष्कर्षात लिहिले, की मूलभूत क्षमता शाबूत असून नियोजन तसेच तीव्र भावनिक ताणाखालील कार्यरत स्मृती (काम करताना माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता) या दोन ठिकाणी मदतीची गरज आहे. आईला मी एवढेच वाक्य वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘म्हणजे मन लावून करत नाहीस असे नाही.’ मग थोड्या वेळाने, ‘पण धांदरट आहेसच.’ दोन्ही खरे आहे.

निकाल हाती आल्यावर उपचाराची दिशा थोडी वळली. डीबीटीच्या गटात शिकवलेल्या गोष्टी मी आतापर्यंत फक्त भांडणासाठी राखून ठेवल्या होत्या; मार्शा लिनेहन यांनी ही पद्धत ज्यांच्यासाठी घडवली त्यांचे संकट मुख्यतः जिवावर बेतणारे होते, त्यामुळे हिशेबाच्या टेबलावर त्या वापराव्यात हे सुचलेच नव्हते. आता टॅली उघडण्याआधी मी कामाच्या पायऱ्या हाताने वहीत लिहिते, आणि पहिली पायरी लिहून झाली तरी पेन खाली ठेवून क्षणभर थांबते. खुंट्यांवरचा गोळा उचलण्याआधी थांबायला मॅडमनी जसे शिकवले तसे. रकमा जुळवण्याचे काम सकाळी करते, मोबाइल जेवणाच्या सुट्टीपर्यंत खणात असतो. ताण सहाच्या वर आहे असे वाटले, तर नवी नोंद टाकत नाही आणि कोणाचेही पेमेंट सोडत नाही. फायलिंग, व्हाउचरला क्रमांक घालणे अशी कामे पुढे ओढते. हे सगळे रोज जमते असे नाही. मार्चअखेरीला तर कोणालाच जमत नाही.

कार्यालयात सांगायचे की नाही, यावर बराच खल केला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे माझ्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राखली जाणे हा माझा हक्क आहे, आणि ती स्वतःहून कोणाला किती द्यायची हे माझ्याकडेच राहते. अहवालाची एक प्रत मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली, दुसरी माझ्याकडे आहे. सरांना मी निदान सांगितले नाही. लांबलचक काम करताना मला मधेच अडवले तर चुका होतात, आणि मोठ्या रकमांवर दुसऱ्या कोणाची नजर फिरलेली बरी, एवढेच सांगितले. सर चष्मा वर करून म्हणाले, ‘दुसरी नजर तर सगळ्यांच्याच कामावर असायला हवी, मीच आळस करत होतो.’ तेव्हापासून माझी टीडीएसची चलने समोरच्या टेबलावरचा नवा मुलगा तपासतो आणि त्याची मी तपासते. फेरतपासणी किमान वर्षभर करायची नाही असे मॅडमनी सांगितले आहे, कारण त्याआधी केली तर गुण सुधारले की नुसता सराव झाला हे कळणार नाही. मधल्या काळात त्यांनी मला एक तक्ता भरायला दिला आहे: सकाळचा ताण, झोपेचे तास आणि त्या दिवशी हिशेबात सापडलेल्या चुका. पहिल्या दोन रकान्यांत काय लिहायचे ते मला कळते. तिसरा रकाना तो मुलगा भरतो, आणि कशासाठी, हे त्याने अजून विचारलेले नाही.